काळारामाजवळ भाड्याने घर घेताना

जूनच्या अखेरीस आमचा भाडेकरार नोंदवून झाला आणि आई आणि मी पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत पाच-सात मिनिटांच्या घरात रीतसर राहायला आलो. रत्नागिरीत आमचं स्वतःचं घर आहे, त्यामुळे भाड्याने राहायची वेळ याआधी आली नव्हती. मार्च ते जुलै या काळात जे जे कळत गेलं ते सलग लिहून ठेवते आहे. देवळाजवळ, जुन्या वस्तीत घर शोधणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग व्हावा.

बँकेने माझी बदली नाशिकला केली आणि ३ मार्च २०२५ ला मी पंचवटीतल्या शाखेत रुजू झाले. तोवर राहायची सोय नाशिकरोडला मावसबहिणीकडे होती. आईची अट एकच होती : देऊळ पायी गाठता आलं पाहिजे. बाबा गेल्यापासून सकाळी देवळात जाण्याचा तिचा नेम आहे, आणि गुडघ्यांमुळे रिक्षा-बसची चढउतार तिला झेपत नाही. माझी अट लिफ्टची. या दोन अटी एकत्र आल्या की पंचवटीत पर्याय झपाट्याने कमी होतात, कारण देवळाच्या भोवतीची वस्ती वाड्यांची आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रामशेज डोंगराच्या काळ्या दगडात हे मंदिर उभं केलं. आजूबाजूच्या बोळांची रुंदी अजून त्याच काळातली वाटते. स्कूटर लावायला जागा मिळाली तरी खूप.

सुरुवात मोबाइलवरच्या जाहिरातींपासून केली. तिथे ‘काळाराम मंदिराजवळ’ असं लिहून हिरावाडीपासून मखमलाबाद नाक्यापर्यंतची घरं दाखवतात. पत्ता नीट विचारल्याशिवाय बघायला जाऊ नका. खरी माहिती मिळाली ती दुकानांतून. सीतागुंफेच्या रस्त्यावरचे पूजासाहित्यवाले, सरदार चौकातला किराणा, सकाळी दूध टाकणारा मुलगा, यांना कोणतं घर कधी रिकामं होणार ते एजंटच्या आधी माहीत असतं. बँक सुटल्यावर रोज थोडं चालायचं आणि विचारत राहायचं, असं मी ठरवलं. एजंटही गाठला होता. त्याची दलाली एका महिन्याचं भाडं, आणि ती करार झाल्यावरच देईन हे पहिल्या भेटीतच बोलून घेतलं. घर नुसतं दाखवायचे पैसे मागणारेही भेटले, त्यांना नमस्कार केला.

आता जे लिहिते ते लिहिताना अजूनही त्रास होतो. फोनवर भाडं आणि डिपॉझिट विचारायच्या आधी समोरून प्रश्न यायचा, ‘आडनाव काय?’ ते सांगितलं की, ‘म्हणजे तुम्ही कोणते?’ पुढे, ‘घरात पुरुष माणूस कोण?’ आणि आम्ही कोकणातले म्हटल्यावर, ‘मासे करणार का?’ माशांचं मी समजू शकते. स्वयंपाकघर त्यांच्या मालकीचं आहे, त्यांनी अट घालावी, मला पटली तर मी घ्यावं. ‘घरात मासे शिजणार नाहीत’ ही अट आम्ही शेवटी मान्यही केली, आईला ती जड नव्हती. पण ‘तुम्ही कोणते’ या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. याच देवळाच्या दारांपुढे २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं प्रवेशासाठी उभी राहिली होती, दारं बंद केली गेली होती, आणि दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सत्याग्रह पुढे काही वर्षं नेटाने चालवला होता. त्या दारापासून हाकेच्या अंतरावर, घर भाड्याने देताना तोच प्रश्न विचारला जातो याचं वाईट वाटतं. अशा वेळी मी इतकंच म्हणायचे, ‘मी बँकेत नोकरीला आहे, आई सोबत आहे, पगाराची पावती आणि आधार दाखवते. याहून जास्त लागत असेल तर राहू द्या.’ काही फोन तिथेच संपले. संपले ते बरंच झालं. तिथे आईला रोज जिना चढताना कुणीतरी निरखत राहिलं असतं.

मार्चअखेर एक वाडा बघितला. आईला व्हिडिओ कॉलवर चौक दिसला, तुळशीवृंदावन दिसलं, आणि ती हरखून गेली. भाडं फक्त ६,००० रुपये. दिंडीदरवाज्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, अर्धा फाटलेला. जवळ जाऊन वाचला तर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांना अशा नोटिसा दर वर्षी निघतात. तिथले काका म्हणाले, ‘अहो, दर साली लावतात, काही होत नाही.’ माणूस भला होता, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहत आला होता. पण छताचं लाकूड एका बाजूला खचलेलं मला खालून दिसत होतं. आईला नाही म्हणून सांगितलं. वाडा बघायला गेलात तर भिंतींआधी दरवाज्याची आतली बाजू बघा, आणि नोटीस आली होती का हे शेजाऱ्यांना विचारा.

दुसरी गोष्ट नदीची. नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात, घाटावर जाण्याला ‘गंगेवर जाणं’. पहिले काही दिवस मी गोंधळायचे, आता मीही तसंच म्हणते. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, आणि पुराचं माप तिच्यावर घेतात : पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं. वर गंगापूर धरण आहे, तिथून विसर्ग वाढला की काही तासांत घाट पाण्याखाली जातो. १९ सप्टेंबर २००८ आणि २ ऑगस्ट २०१६ या दोन तारखा इथल्या दुकानदारांना तोंडपाठ आहेत. त्यामुळे घर बघायला गेले की मी एक प्रश्न ठरलेला विचारायचे, ‘२०१६ ला पाणी कुठवर आलं होतं?’ खरं उत्तर मालकापेक्षा खालच्या दुकानदाराकडून मिळतं. तो हाताने भिंतीवर दाखवतो. शिवाय निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत : निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर कोणत्या बाजूला पडतं ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. घाटाला लागून एक चांगला फ्लॅट होता, सुटसुटीत, भाडंही परवडणारं, पण लिफ्टची मोटर आणि मीटरची खोली तळमजल्यावर. पाणी शिरलं की वीज आणि लिफ्ट दोन्ही बंद, आणि आई वर अडकणार. सोडला.

८ एप्रिलला कामदा एकादशी होती. रामनवमीनंतर या दिवशी काळारामाची रथयात्रा निघते, रामरथ आणि गरुडरथ. मी मुद्दाम त्या दिवशी घर बघायला गेले. वस्तीतले रस्ते वाहनांना बंद, बोळात माणसांचा लोंढा, ढोल-ताशे. त्या गर्दीत मी दोन गोष्टी तपासल्या : आईला दवाखान्यात न्यायचं झालं तर मागच्या बाजूने बाहेर पडायला वाट आहे का, आणि खिडक्या लावल्यावर घरात आवाज किती येतो. जे घर बघायला गेले होते तिथे मागून वाट नव्हती. सणाच्या दिवशी घर बघणं फार उपयोगाचं ठरलं. रामनवमी, रंगपंचमीला शनि चौकातली रहाड (रंगीत पाण्याचा जुना हौद), श्रावणी सोमवार, सिंहस्थ कुंभमेळा : इथलं वर्ष अशा दिवसांनी भरलेलं आहे, आणि शांत मंगळवारी दुपारी बघितलेलं घर तेव्हा वेगळंच असतं.

हे घर मे महिन्यात मिळालं, पूजासाहित्याच्या दुकानातल्या ताईंमुळे. घाटापासून बरंच वर, पहिला मजला, लिफ्ट आहे, मागच्या गल्लीत दार उघडतं. मालकीणबाई पुण्याला मुलाकडे असतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी त्यांना काकू म्हणते. फोनवर त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं ते, ‘आईंना तुळस लावायला गॅलरी पुरेल ना?’

भाडं १२,००० ठरलं, डिपॉझिट ५०,०००. मेंटेनन्स आमच्याकडे, घरपट्टी काकूंकडे. बोलणं अडलं ते मुदतीवर. काकूंच्या पुतण्याचं म्हणणं अकरा महिन्यांचाच करार करायचा, कारण पुढे कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, म्हणजे कुंभातलं मुख्य स्नान, ३१ ऑगस्टला दुसरं. रामकुंडाजवळच्या घरांना त्या काळात मुक्कामासाठी किती मागणी येईल हे सांगायला नको. त्यांचा विचार चुकीचा नव्हता. पण आम्हाला कुंभाच्या तोंडावर, सगळीकडे भाडी चढलेली असताना, घर सोडावं लागलं असतं. माझ्या मते या वस्तीत आत्ता भाड्याने घर घेणाऱ्याने सर्वांत आधी बोलायचा मुद्दा हाच आहे, आणि तोंडी आश्वासनावर तो सोडू नये. ‘तुम्हाला कोण काढतंय’ हे वाक्य मला अनेकांनी ऐकवलं. ते करारात लिहा म्हटल्यावर गप्प झाले.

काकूंशी मी थेट बोलले. आईसुद्धा बोलली, दोघींचं बराच वेळ जमलं. शेवटी ठरलं ते असं : करार ३६ महिन्यांचा, भाडं दर वर्षी ५०० रुपयांनी वाढेल, काकूंना मुदतीआधी घर मागता येणार नाही, आम्हाला मात्र दोन महिन्यांच्या लेखी सूचनेने सोडता येईल. आणि अमृतस्नानाच्या दिवसांत काकू आणि त्यांच्या घरचे दोघे रस्त्याकडच्या खोलीत मुक्काम करतील. हे शेवटचं कलम वकिलांना जरा नवीन होतं, पण त्यांनी ते नीट शब्दांत बसवलं. काकूंची पर्वणी साधेल आणि आमचं घर टिकेल.

टोकन म्हणून काहीही देण्याआधी मी काकूंकडून तीन कागद मागून घेतले : त्यांच्या खरेदीखताचा इंडेक्स-टू (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा सारांश), चालू वर्षाची घरपट्टीची पावती, आणि वीजबिल. तिन्हीवर नाव एकच आहे का ते बघायचं. वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकावरून महावितरणची थकबाकीही कळते. डिपॉझिट बँकेतून पाठवलं आणि व्यवहाराचा क्रमांक, तारीख करारात घातली. रोखीने देऊ नका.

एजंटने नोटरीवर भागवायचा सल्ला दिला होता. ‘सगळे तसंच करतात.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी मालकाची असते, आणि न केल्यास त्याला दंड किंवा कैदही होऊ शकते. हे काकूंना समजावून सांगितल्यावर त्या लगेच तयार झाल्या. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. आमचं तीन वर्षांचं भाडं ४,५०,००० आणि डिपॉझिटवरचे १५,०००, म्हणजे शुल्क सुमारे १,२०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वकिलांचे आणि टायपिंगचे मिळून २,५००. सगळा खर्च निम्मा-निम्मा. तीन वर्षांच्या निश्चिंतीसाठी ही रक्कम मला अजिबात जास्त वाटत नाही.

नोंदणी ऑनलाइन करायची ठरली. त्यात दोन्ही पक्षांचा आणि दोन साक्षीदारांचा अंगठा यंत्रावर घेतात आणि तो आधारशी जुळवतात. जूनच्या मध्याला काकू त्यासाठी पुण्याहून आल्या. माझा अंगठा लगेच जुळला. काकूंचा जुळेना. यंत्रावरचा दिवा लाल व्हायचा. ऑपरेटरने ओल्या रुमालाने बोट पुसून घेतलं, मग कोरडं करून, मग थोडं ग्लिसरीन लावून, मग एकेक करत दहाही बोटं. काकूंनी तळहात उलटा करून मला दाखवला. बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत झालेली, रेषा जवळजवळ नाहीतच. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी तीस-बत्तीस वर्षं पापड लाटून विकले होते, त्यावर मुलगा शिकवला, हा फ्लॅट घेतला. ‘पिठाने खाल्ल्या गं रेषा,’ त्या म्हणाल्या. आईने त्यांचा हात हातात घेऊन बघितला आणि दोघी पापडाच्या पिठाबद्दल बोलत बसल्या.

तुमच्याकडे वयस्कर मालक किंवा साक्षीदार असतील तर आधीच आधार केंद्रावर बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या. आणि त्यांनी बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर ते उघडून ठेवायला सांगा. तेवढ्याने काम झालं नाही तरी घाबरायचं कारण नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी होते. आम्ही तेच केलं. दस्ताची माहिती आधी संकेतस्थळावर भरून घेतली, वेळ घेतली, आणि पुढच्या आठवड्यात गेलो. मूळ ओळखपत्रं, त्यांच्या प्रती, चलनाच्या पावत्या आणि साक्षीदार सोबत. तिथे फोटो आणि ठसे घेतात, सह्या होतात, साक्षीदार ओळख पटवतात. वाट बघण्यात सकाळ गेली. बसायला बाकं कमी होती, तेव्हा वयस्कर माणूस बरोबर असेल तर पाणी, काहीतरी खायचं आणि औषधं ठेवा. दुपारी नोंदलेला दस्त हातात आला. काकू संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतल्या, त्याआधी आईबरोबर देवळात जाऊन आल्या.

सामानाचा टेम्पो रत्नागिरीहून आला त्याचे २२,००० झाले, आंबा घाटाच्या आधीच पाऊस लागला होता, पण ताडपत्री चांगली होती. घरात पाऊल ठेवताच प्रत्येक खोलीचे, नळांचे, पंख्यांचे, भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढून काकूंना पाठवले आणि त्यांचं ‘मिळाले’ असं उत्तर जपून ठेवलं. डिपॉझिट परत घेताना ते लागेल.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. ती मी पोलिसांच्या संकेतस्थळावर भरली आणि छापील प्रत पंचवटी पोलीस ठाण्यात नेऊन पोच घेतली. फोटो, आधार, कराराची प्रत आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं-नंबर लागतात.

सोसायटीशी थोडी बोलाचाली झाली. समितीने भाडेकरू म्हणून दरमहा ५०० रुपये जास्त मागितले. नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटीला मालक स्वतः राहत नसल्यास ना-वहिवाट शुल्क घेता येतं, पण २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आमच्याकडे तो हिशेब महिन्याला शंभर रुपयांच्याही आत बसत होता. मी आदेशाची प्रत अर्जाला जोडून काकूंच्या नावे समितीला दिली, वाद घातला नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी मान्य केलं. आता जिन्यात भेटले की समितीचे काका आईची विचारपूस करतात.

जुलैत धरणातून पाणी सोडलं तेव्हा मी शाखेतून परस्पर घाटाकडे गेले, पुलावरून दुतोंड्या मारुती बघितला. घाटावरच्या टपऱ्या आधीच हलवल्या होत्या. मग मुद्दाम आमच्या गल्लीतून चालत आले. गल्ली कोरडी, मीटरची खोली कोरडी. दुकानदाराने भिंतीवर हाताने दाखवलं होतं ते बरोबर निघालं.

नोंदणीकृत करार पत्त्याचा पुरावा म्हणून आधारसाठी चालतो, तेव्हा आमच्या दोघींचे पत्ते त्याच महिन्यात बदलून घेतले. त्यासाठी करारात आईचं नावही सोबत राहणारी म्हणून घातलेलं होतं, ते तुम्हीही घाला. मतदारयादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ हा अर्ज भरला आहे. गॅस जोडणी बदलायला रत्नागिरीच्या वितरकाचं पत्र लागलं, ते भाऊ आणून देतो आहे.